सव्वानऊचा चष्मा आणि नेटवर्कबाहेरची डॉक्टर

माझा नंबर उजव्या डोळ्याला उणे सव्वानऊ, डाव्याला उणे पावणेनऊ. चष्मा काढला की समोरच्या माणसाचं नाक कुठे संपतं आणि मिशी कुठे सुरू होते ते कळत नाही. पंचेचाळिशीनंतर जवळचाही नंबर लागला, म्हणजे आता दूरचं आणि जवळचं एकाच काचेत दाखवणारं प्रोग्रेसिव्ह भिंग आलं. साध्या प्लास्टिकच्या, १.५० निर्देशांकाच्या (निर्देशांक म्हणजे भिंग प्रकाश किती वळवतं त्याचं माप) भिंगात हा नंबर बसवला तर कडा इतकी जाड होते की फ्रेमची काडी नीट मिटत नाही. म्हणून १.६७ किंवा १.७४ निर्देशांकाचं पातळ भिंग घ्यावं लागतं. निर्देशांक वाढला की भिंगावरून उजेड जास्त परततो, म्हणून वर चकाकी घालवणारा थर हवाच, नाहीतर रात्री गाडी चालवताना समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याची दोन-दोन पिल्लं दिसतात. एवढं तपशिलात सांगायचं कारण असं की विम्याच्या कागदात यातल्या प्रत्येक गोष्टीपुढे 'ऐच्छिक' असं लिहिलेलं असतं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे नोकरीबरोबर आरोग्यविमा मिळतो, पण त्यात दात येत नाहीत आणि चष्माही येत नाही. दोन्हींचे वेगळे विमे, वेगळी कार्डं, वेगळी संकेतस्थळं. ओबामांच्या काळात झालेल्या कायद्याने लहान मुलांच्या दृष्टीची काळजी आवश्यक लाभांत घातली, पण मोठ्या माणसांची तशीच बाहेर ठेवली. त्यामुळे दर नोव्हेंबरात ऑफिसातून ओपन एन्रोलमेंटचा, म्हणजे पुढच्या वर्षाचे विमे निवडायचा, मेल आला की आरोग्यविम्याच्या खाली आणखी दोन चौकोन दिसतात, आणि आपण फारसा विचार न करता दोन्हींवर टिचकी मारतो. आमच्या कुटुंबाच्या व्हिजन, म्हणजे चष्म्याच्या, विम्याचे महिन्याला २२ डॉलर पगारातून कापले जातात. बावीस डॉलरवर कोण विचार करत बसणार?

योजनेत मिळतं काय, तर वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी, त्याला १० डॉलर कोपे, म्हणजे आपण भरायचा ठरलेला वाटा. चष्म्याला २५ डॉलर कोपे. फ्रेमसाठी १५० डॉलरपर्यंत, त्यावर गेलात तर वरच्या रकमेवर २० टक्के सूट. साधी भिंगं कोपेमध्येच. प्रोग्रेसिव्ह, पातळ, चकाकी घालवणारी वगैरे भिंगांसाठी ठरलेले दर, जे दुकानातल्या दरांपेक्षा बरेच कमी असतात. हे सगळं अर्थात नेटवर्कमधल्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या, डॉक्टरकडे गेलात तर.

माझी डॉक्टर नेटवर्कमध्ये होती. ती ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशन करणारी नव्हे. इकडे ऑप्टोमेट्रिस्ट पदवीनंतर चार वर्षं वेगळं शिकून येतात, नंबर काढतात, पडदा तपासतात, काचबिंदूवर औषधंही देतात. बाई मितभाषी, पण हात फार चांगला. बऱ्याच वर्षांपूर्वी तिनेच पहिल्यांदा मला सांगितलं की माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर कडेला लॅटिस डीजनरेशन आहे. मोठ्या उणे नंबरात डोळ्याचा गोल लांबट होतो, पडदा ताणला जातो आणि कुठे कुठे विरतो. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. काहींना तिथेच भोक पडतं, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर पडदा सुटतो. म्हणून दर वर्षी थेंब घालून, बाहुली मोठी करून पडद्याची कड बघून घ्यायची. तिच्याकडे माझ्या पडद्याचे सगळ्या वर्षांचे फोटो आहेत. एक विरलेला पट्टा गेल्या वेळेपेक्षा वाढला का, हे ती दोन फोटो शेजारी लावून सांगते. ही गोष्ट मला कुठल्याही दुसऱ्या ठिकाणी पहिल्या दिवशी मिळणार नव्हती.

मग एका वर्षी तिच्या काउंटरवर कागद चिकटवलेला दिसला: अमुक अमुक व्हिजन योजना यापुढे घेतल्या जाणार नाहीत. यादीत आमचीही होती. मी विचारलं तेव्हा बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. योजना एका तपासणीचे त्यांना जे देते, त्यात पाऊण तास बसून माझ्यासारखीचा पडदा बघणं परवडत नाही. पूर्वी तो तोटा चष्म्यांच्या विक्रीतून भरून निघायचा. आता योजनेने भिंगं कुठल्या प्रयोगशाळेत करायची तेही ठरवून दिलेलं, आणि ऑनलाइन चष्मेवाल्यांनी उरलंसुरलं नेलं. "मी एक तर दर पंधरा मिनिटांनी एक पेशंट बघू शकते, नाहीतर तुमची योजना सोडू शकते," ती म्हणाली. मला तिचं म्हणणं पटलं, आणि पटल्यामुळेच पंचाईत झाली.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं: दुसरा डॉक्टर बघ. योजनेच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की लांबलचक यादी येते. ती बघून जीव भांड्यात पडतो, फोन लावायला सुरुवात केली की परत वर येतो. एक डॉक्टर निवृत्त झालेले. एका ठिकाणी ते डॉक्टर फक्त मंगळवारी येतात आणि नव्या पेशंटला थेट उन्हाळ्यातली वेळ. एका फोनवर बाई म्हणाल्या, आम्ही ती योजना घेतो, पण फक्त चष्म्यासाठी, तपासणी बाहेरून करून या. उरले मॉलमधले साखळी दुकानांतले डॉक्टर. तिथे एकदा जाऊन आले. तरुण मुलगा होता, वागायला चांगला. त्याने मशीनवर फोटो काढला आणि म्हणाला सगळं छान आहे. लॅटिसचं सांगितलं तर म्हणाला, हो का, मग थेंब घालून बघायला वेगळी वेळ घ्यावी लागेल. मी परत आपल्या बाईंकडे जायचं ठरवलं.

जायच्या आधी योजनेला फोन केला, कारण नेटवर्कबाहेर गेलं तरी काही परत मिळतं एवढं माहीत होतं. पलीकडे एक मुलगा होता, अगदी नम्र.

"मॅडम, तुमच्या भागात नेटवर्कमधले बरेच डॉक्टर आहेत. यादी पाठवू?"

"यादी आहे माझ्याकडे. मला नेटवर्कबाहेरचं सांगा. किती परत मिळतात?"

"तपासणीचे ४५ डॉलरपर्यंत, फ्रेमचे ७० पर्यंत. साध्या भिंगांचे ३० पर्यंत, प्रोग्रेसिव्हचे ५० पर्यंत."

"आणि पातळ भिंगाचे?"

"ते भिंगातच आलं, मॅडम."

"म्हणजे एखाद्याचा नंबर उणे एक असेल तरी पन्नास, आणि माझा सव्वानऊ असला तरी पन्नासच?"

थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज आला. "तुमचा नंबर आमच्याकडे दिसत नाही, मॅडम. फक्त भिंगाचा प्रकार दिसतो."

त्या मुलाचा काही दोष नाही, पण त्याने नकळत सगळी योजना एका वाक्यात सांगितली. डोळ्यांचा विमा, आणि त्यात डोळ्याचा नंबरच कुठे नाही.

मी विचारलं, मोठ्या नंबरासाठी काही वेगळी तरतूद? होती. 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक' कॉन्टॅक्ट लेन्ससाठी वेगळा, बराच मोठा लाभ आहे, पण माझ्या योजनेत त्याची रेघ उणे दहावर. मी सव्वानऊवर अडकलेली. पुण्यात माझ्या भावाला हे सांगितलं तर तो हसला. तिकडच्या मेडिक्लेममध्ये चष्म्याचे पैसे सहसा मिळतच नाहीत, पण नंबर घालवायच्या ऑपरेशनसाठी साडेसात डायॉप्टरची रेघ आहे. त्याच्या खालच्या नंबराला पैसे नाहीत. म्हणजे तिकडच्या रेघेच्या मी वर आहे आणि इकडच्या रेघेच्या खाली. भाऊ म्हणाला, मग ये इकडे, लक्ष्मी रोडला चष्मा करून घे. आमच्या ओळखीत बहुतेक जण भारतवारीत चष्मा करूनच येतात, मीही एक जादाचा तिथून केलेला आहे आणि तो उत्तम आहे. पण दर वर्षी पडद्याची कड बघायला कोणी पुण्याला जात नाही.

तर गेले. बिल असं झालं: तपासणी १६५ डॉलर, पडद्याचे फोटो ३९, फ्रेम २२० आणि १.७४ची प्रोग्रेसिव्ह भिंगं थरासकट ५४०. एकूण ९६४. फोटोंचे ३९ कुठल्याच योजनेत बसत नाहीत, ते नेटवर्कमध्ये असते तरी मीच भरले असते. पैसे तिथल्या तिथे कार्डावर भरले आणि पावती घेऊन घरी आले.

क्लेमचा अर्ज संकेतस्थळावर भरता येतो. नाव, सभासद क्रमांक, डॉक्टरचं नाव-पत्ता, तपासणीची तारीख, आणि पावतीचा फोटो. दहा मिनिटांचं काम. काही आठवड्यांनी उत्तर आलं: पावती तपशीलवार नाही. पावतीवर बाईंच्या काउंटरवरच्या मावशींनी 'तपासणी' आणि 'चष्मा' अशा दोनच ओळी लिहिल्या होत्या. योजनेला फ्रेम वेगळी, भिंग वेगळं, भिंगाचा प्रकार वेगळा आणि थर वेगळा असं सगळं सुटं सुटं हवं होतं. थराचा ते एक सेंटही देत नाहीत, पण तो वेगळा दाखवला नाही तर बाकीचेही देत नाहीत.

मावशींनी नवी पावती छापून दिली. या वेळी तारखेवरून अडलं. तपासणी एका दिवशी झाली, चष्मा त्याच दिवशी सांगितला, पण हातात आला दोन आठवड्यांनी. मावशींनी चष्म्यापुढे तो घेऊन गेल्याची तारीख टाकली. अर्जात मी तपासणीची तारीख लिहिलेली. दोन्ही जुळत नाहीत म्हणून क्लेम 'तपासणीखाली'. मग फोन. फोनवर प्रत्येक वेळी नवीन माणूस, आणि प्रत्येकाला जन्मतारखेपासून सुरुवात. एका बाईंनी सांगितलं ऑर्डरची तारीख चालते, दुसऱ्यांनी सांगितलं घेतल्याची तारीख लागते. तिसऱ्या गृहस्थांनी मात्र शहाणपणाचा सल्ला दिला: दोन वेगळे क्लेम करा, एक तपासणीचा, एक चष्म्याचा. तसं केलं आणि गाडी हलली. कोणाला हे करायची वेळ आली तर पहिल्यापासूनच दोन क्लेम करा, आणि काउंटर सोडायच्या आधी पावतीवर भिंगाचा प्रकार लिहिलेला आहे का ते बघा.

शेवटी लाभाचा खुलासा करणारं पत्र आलं, ज्याला इकडे सगळे ईओबी म्हणतात. तपासणीचे ४५, त्यातून कोपे १० वजा, ३५ डॉलर. फ्रेमचे ७० आणि भिंगांचे ५०, त्यातून कोपे २५ वजा, ९५ डॉलर. कोपे ही डॉक्टरकडे भरायची रक्कम असते अशी माझी समजूत होती. डॉक्टरला तर मी सगळेच पैसे भरले होते. पण नेटवर्कबाहेर गेलं तरी ती परताव्यातून कापतात, आणि पुस्तिकेत ते लिहिलेलं आहे, तळटिपेत. एकूण १३० डॉलरचा चेक आला.

आता हिशेब. माझे खिशातून ८३४ गेले. हेच सगळं नेटवर्कमध्ये केलं असतं तर ठरलेल्या दरांनी साधारण पाचशेच्या आत झालं असतं. आणि वर्षभराचा हप्ता २६४ डॉलर, घरातल्या सगळ्यांचा मिळून. मुलीचा नंबर कमी आहे, तिचा चष्मा नेटवर्कमध्ये जवळजवळ फुकट होतो. नवऱ्याला चष्मा नाही, तो तपासणीलाही जात नाही. विमा म्हणताना माझ्या डोक्यात घराला आग, गाडीला अपघात असं काहीतरी असतं: हजारांतल्या एकावर वेळ येते आणि बाकीचे त्याला सावरतात. चष्मा लागणाऱ्या माणसाला तो लागणार हे योजनेला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे, आणि जास्तीत जास्त किती द्यायचे हेही आधी ठरलेलं आहे. ही भिशी आहे. आपलेच पैसे वर्षाने आपल्याला मिळतात, फक्त चालवणाऱ्याने सांगितलेल्या दुकानातच खर्च करायचे. छोट्या नंबराच्या माणसाला ती परवडते. ज्याला खरी गरज, त्याची गरज 'ऐच्छिक'मध्ये जाते.

राग आला की मी वाचत बसते. या धंद्याची रचना मजेशीर आहे. व्हीएसपी ही मोठी योजना १९५५मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ऑप्टोमेट्रिस्टांनीच सुरू केली होती, पेशंटना परवडावं म्हणून. आज त्याच समूहाकडे फ्रेम बनवणारी मार्चॉन आहे आणि व्हिजनवर्क्सची दुकानंही आहेत. दुसरी मोठी, आयमेड, ही एसिलॉरलक्झॉटिकाची. २०१८मध्ये फ्रेंच भिंगवाले आणि इटालियन फ्रेमवाले एकत्र येऊन झालेली ही कंपनी रेबॅन बनवते, लेन्सक्राफ्टर्स चालवते आणि जगभर भिंगंही विकते. म्हणजे पैसे देणारा, चष्मा बनवणारा आणि विकणारा बऱ्याचदा एकाच घरचे. माझी योजना कोणती ते मुद्दाम लिहीत नाही, कारण मैत्रिणींशी बोलल्यावर कळलं की कार्डाचा रंग बदलला तरी आकडे जवळपास तेच असतात. २०२२पासून अचानक येणाऱ्या बिलांविरुद्ध इथल्या केंद्र सरकारचा कायदा लागू झाला, त्याचाही आधार शोधून पाहिला. तो आणीबाणीच्या उपचारांसाठी आणि नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात भेटलेल्या बाहेरच्या डॉक्टरांसाठी आहे. वेगळ्या विकत घेतलेल्या व्हिजन योजनांना तो लागू नाही. शिवाय माझं बिल अचानक आलेलं नव्हतंच, मी उघड्या डोळ्यांनी गेले होते.

त्याच वर्षी थंडीत एका संध्याकाळी भांडी लावताना उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं. दिवा गेला असेल वाटलं. परत चमकलं. मग डोळ्यापुढे एक काळी दोरी तरंगायला लागली, नजर हलवली की मागून येणारी. बाईंनी मला वर्षानुवर्षं बजावलं होतं: चमक, नवीन ठिपके किंवा पडदा ओढल्यासारखी सावली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन. मी फोन केला आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायच्या आधीच्या वेळेला बोलावलं. सावली दिसायला लागली तर तेवढीही वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा, असं दोनदा सांगितलं.

रात्रभर मला डोळ्याची काळजी होती आणि, लाज वाटते सांगायला, पैशाचीही. वर्षातून एकदाची तपासणी तर झालेली. आता नेटवर्कबाहेर, लाभ संपलेला, म्हणजे सगळं माझ्याच डोक्यावर.

सकाळी मावशींनी व्हिजनचं कार्ड बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "हे नाही, मेडिकलचं द्या."

मी गोंधळले. तुम्ही तर नेटवर्कबाहेर ना?

त्या म्हणाल्या, चष्म्याच्या योजनेबाहेर. तुमच्या आरोग्यविम्याच्या नेटवर्कमध्ये डॉक्टर पहिल्यापासून आहेत. आज तुम्ही नंबरासाठी आलेल्या नाही, आजारासाठी आलात.

तीच खुर्ची, तेच यंत्र, तेच थेंब, तीच डॉक्टर, आणि विमा दुसरा. डोळ्याच्या आतला जेल आकसून पडद्यापासून सुटला होता. वयानुसार होतं, मोठ्या नंबरवाल्यांना लवकर होतं. पडद्याला भोक नव्हतं. त्यांनी कड नीट फिरून फिरून बघितली, जुना पट्टा होता तेवढाच होता. काही आठवड्यांनी परत बोलावलं आणि ती दोरी हळूहळू सवयीची होईल म्हणाल्या. झाली. आता लिहितानाही ती ओळीवरून जातेय.

बिल डिडक्टिबलमध्ये, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी वर्षाला आपण भरायच्या रकमेत, गेलं. पैसे मीच भरले, पण आरोग्यविम्याच्या ठरलेल्या दराने, आणि वर्षाच्या डिडक्टिबलमध्ये ते मोजले गेले. व्हिजन योजनेत भरलेले आठशे कशातच मोजले जात नाहीत.

पुन्हा दाखवायला गेले तेव्हा मावशींनी मला हा कारभार नीट समजावला, आणि तो इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावा असं मला वाटतं. वेळ घेताना किंवा खुर्चीत बसल्यावर विचारतात, "आज कशासाठी आलात?" ही नुसती चौकशी नसते. 'चष्मा बदलायचाय', 'नीट दिसत नाही' म्हणालात तर व्हिजन. मधुमेह, काचबिंदू, मोतीबिंदू, कोरडे डोळे, लॅटिस यांपैकी काही असेल आणि ते दाखवायला आलात तर मेडिकल. खोटं बोलायचं नाही, पण खरं असेल ते आधी सांगायचं. माझं लॅटिस कागदावर आहे, दर वर्षी पडदा बघून घेणं हे त्याच आजाराचं काम आहे. इतकी वर्षं मी आत शिरताच "चष्म्याचं बघायचंय" म्हणत होते आणि सगळी तपासणी व्हिजनच्या खात्यावर पडत होती. आमच्या ओळखीत मधुमेहाचे लोक कमी नाहीत. त्यांची दर वर्षीची थेंब घालून केलेली तपासणी मेडिकलमध्ये बसते, आणि तरी त्यातले कित्येक जण व्हिजनच्या कार्डावर मॉलमध्ये फोटो काढून येतात.

एक पाचर मात्र आहे. 'हे बरं दिसतं की ते' असं विचारत नंबर काढणं, ज्याला इकडे रिफ्रॅक्शन म्हणतात, ते आरोग्यविमा सहसा देत नाही. त्याचे बाई ५० डॉलर वेगळे घेतात. ते परत मागायला मी व्हिजनकडे क्लेम केला, तर नुसता नंबर काढणं म्हणजे पूर्ण तपासणी नव्हे, त्यामुळे देय नाही, असं उत्तर आलं. तो नाद सोडला.

सध्याची व्यवस्था अशी आहे. पडदा बाईंकडे, मेडिकलवर. नंबर बाईंकडेच, रोख ५०. तपासणी संपली की चिठ्ठी हातात मिळते. ती न मागता आणि जास्तीचे पैसे न घेता दिलीच पाहिजे असा फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम १९७८पासून आहे, आणि २०२४च्या दुरुस्तीनंतर चिठ्ठी मिळाल्याची सहीही घेतात. ती चिठ्ठी घेऊन मी नेटवर्कमधल्या दुकानात जाते आणि चष्म्याचा लाभ तिथे वापरते. माझ्या योजनेत तपासणी एकीकडे आणि चष्मा दुसरीकडे चालतो. तुमच्या योजनेत चालतो का ते आधी विचारा. बाईंना चष्म्याची विक्री गमावावी लागते याचं वाईट वाटतं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, तुम्ही पडदा दाखवायला येता ना, बास.

दुकानातला पहिला चष्मा मात्र चालला नाही. दोन बाहुल्यांमधलं अंतर चिठ्ठीवर असलंच पाहिजे असं त्या नियमात नाही, आणि ते दुकानातल्या पोराने टॅबलेटसमोर उभं करून मोजलं. माझ्या नंबरात एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी जिन्याची पायरी तिरकी दिसते. वाचायचा भाग इतका खाली गेला होता की पुस्तक वाचायला हनुवटी छताकडे करावी लागायची. परत गेले, तर म्हणाले सवय होईल. तेव्हा एक वयस्क ऑप्टिशियन, म्हणजे चष्मा मापून बसवून देणारा, आतून आला, माझ्या चेहऱ्यावर चष्मा ठेवून त्याने भिंगावर मार्करने दोन ठिपके काढले, मान हलवली आणि पोराला काहीतरी हळू आवाजात बोलला. भिंगं नव्याने करून मिळाली, जास्तीचे पैसे न घेता. आता मी जाताना तो कामावर आहे का हे फोन करून विचारते.

या नोव्हेंबरात पुन्हा मेल आला. मुलीसाठी योजना ठेवली, मला आणि तिला मिळून, नवऱ्याला काढलं. रिफ्रॅक्शन, फोटो आणि दुकानातली वरची रक्कम यांसाठी एफएसएत, म्हणजे औषधपाण्याच्या खर्चासाठी नोकरीतून मिळणाऱ्या खात्यात, थोडे पैसे टाकले, म्हणजे ते पगारातून कर लागायच्या आधी बाजूला पडतात. त्याचं कार्ड बाईंच्या काउंटरवर ५० डॉलरसाठी घासलं. परवा एफएसएवाल्यांचा मेल आला: पावती तपशीलवार नाही, शिवाय व्हिजन योजनेचा ईओबी जोडावा. मी त्यांना तोच नकाराचा कागद पाठवलाय.